अव्या, ती फांदी मी बघितली नव्हती

अव्या, तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. माइक दोनदा माझ्यापर्यंत आला. दोन्ही वेळा मी घशाला हात लावून आवाज बसल्याचं नाटक केलं आणि पुढं सरकवला. बोललो असतो तर लोकांनी मला मांडवातून हाकलून दिलं असतं, कारण तुझ्याबद्दल चांगलं काही बोलायची माझी इच्छा नव्हती. तू जाऊन आज बारा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलाच आहे.

सभा आपल्याच कॉलनीच्या मैदानात होती, आकुर्डीला. कमानीवर भला मोठा फ्लेक्स. मधोमध हात जोडलेले माजी नगरसेवक, आणि तू डाव्या कोपऱ्यात, परदेशातल्या कुठल्याशा स्पर्धेतला कोट घातलेला, त्यांच्या खांद्याएवढा. पहिलं भाषण त्यांनीच ठोकलं. म्हणाले, "आपल्या पिंपरी-चिंचवडच्या मातीतला हा ग्रँडमास्टर! ना कोच, ना कुणाची साथ. लेथ मशीनच्या खडखडाटात हा वाघ एकटा घडला, एकटा!" टाळ्या पडल्या, राव. शोकसभेत टाळ्या. मी खाली मान घालून स्वतःचे बूट बघत बसलो. ते वाक्य त्यांचं नव्हतंच, तुझं होतं. तू ते म्हणालास तेव्हापासून मला ते पाठ आहे.

चार वर्षं आपलं भांडण तसंच पडून होतं. भांडण तरी कसं म्हणू? तू एक शब्द बोलला नाहीस, मी एक शब्द बोललो नाही. मला तुला एवढंच विचारायचं होतं की तुला कळलं होतं का. राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत ज्या चालींवर तू हरलास आणि भारताच्या संघातली जागा घालवून बसलास, त्या चाली मी न तपासता तुझ्या हातात दिल्या होत्या, हे तुला कळलं होतं का? दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मी फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. तू गेलास तेव्हा प्रश्न माझ्या घशातच होता. परवा आळंदीला तुझ्या दहाव्याला त्याचं उत्तर मिळालं. तुझ्याकडून नाही, मेधावहिनींकडून. उत्तर ऐकून राग निवेल असं वाटलं होतं, तो दुप्पट झाला. म्हणून हे लिहितोय.

एकटा घडलास म्हणे. बरं, मग पहिल्यापासूनच सांगतो.

तुझे अण्णा आणि माझे दादा एकाच कंपनीत होते, पण वेगळ्या गटांत. एक गट फर्स्ट शिफ्टला गेला की दुसरा सेकंडला. युनियनच्या खोलीत खिडकीशी बुद्धिबळाचा पट मांडलेला असायचा. एका गटानं आपल्या शिफ्टमध्ये एक चाल करायची आणि घरी जायचं. दुसऱ्या गटानं येऊन उत्तर द्यायचं. दिवसाला दोन्ही बाजूंची मिळून एक चाल, त्यामुळं एकेक डाव दोन-दोन महिने चालायचा. कॅन्टीनमध्ये, बसमध्ये, संडासाच्या रांगेत माणसं त्या एका चालीवर खल करायची. पटाला उगाच हात लावायची कुणाची टाप नव्हती. साफसफाईवाल्या मावशीही त्याच्या कडेनं फडकं फिरवायच्या. घरी आल्यावर माझे दादा शर्टसुद्धा न काढता मला म्हणायचे, "आरं, त्यांनी घोडा मागं नेला बघ. लई खोटी जात हाय ती. काई तरी शिजतंय." मग मी जिन्यात यायचो, तू वरच्या मजल्यावरून यायचास, आणि पायरीवर तोच डाव मांडून आपण आपापल्या बापाच्या बाजूनं कचाकचा भांडायचो. अण्णांनी तुझी चाल नेऊन एकदा पटावर केली आणि आमचा गट हरला, तर दादा दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

तिथंच तू बिघडलास, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. एका चालीला अख्खा दिवस मिळतो हे तुझ्या डोक्यात एकदा बसलं ते बसलंच. पुढं जगभर खेळलास, पण घड्याळाशी तुझं कधी जमलं नाही. वीस चालींपर्यंत ध्यान लावून बसायचास आणि उरलेल्या वीस चाली दोन मिनिटांत. जिंकलेले किती डाव तू असे मातीत घातलेस, मला नावानिशी आठवतात. मी ओरडलो की म्हणायचास, "दत्त्या, चांगली चाल समोर असेल तर घाई कशाला?" अरे, समोरचा माणूस शिफ्ट संपवून घरी जात नाही, तो तिथंच बसलेला असतो!

मी खेळ सोडला तेव्हा आपण एकोणीस वर्षांचे होतो. मला माझी उंची कळली होती. त्यात वाईट काही नाही वाटलं. आयटीआय केलं, चाकणला सुट्या भागांच्या एका कंपनीत क्वालिटीला लागलो. मायक्रोमीटर, गेज, आणि तीन रंगांची टॅग. हिरवं म्हणजे पास, पिवळं म्हणजे थांबा, लाल म्हणजे भंगार. तू खेळत राहिलास. आणि एका गुरुवारी घरी आलास, चहा प्यायलास आणि म्हणालास, "साहेब, माझा माल पण तपासून द्या की."

तो माल म्हणजे तुझ्या फाइली. पुढच्या स्पर्धेत कोण काय खेळेल, त्याला तू काय उत्तर देशील, त्यावर तो काय करेल, अशा फुटत जाणाऱ्या चालींच्या फांद्या. कॉम्प्युटर गणित करतो, हे खरं. पण हजार फांद्यांतली कुठली उघडून बघायची, समोरचा पोरगा कुठं वळेल, तू कुठं चाल विसरशील, हे माणसालाच बघावं लागतं. अकरा वर्षं मी ते बघितलं. चिखलीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी आणि फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळी. आमच्या हिनं टेबलाचा तो कोपरा सोडूनच दिला होता, ताटं अलीकडं मांडायची. कारखान्यातलीच पद्धत मी तिथं आणली. प्रत्येक फांदीला रंग. आणि नियम एकच, शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय हिरवं नाही. हिरवं केलं तरी मी खाली दोन ओळी खरडायचो, कारण तुझ्यावर माझा विश्वास नव्हता. 'इथं वजीर हलवायचा मोह होईल, हलवलास तर तंगडं मोडीन.' 'ही चाल मागच्या वेळी विसरला होतास, गाढवा.' तू म्हणायचास, डाव सुरू व्हायच्या आधी त्या शिव्या वाचल्या की पोटातला गोळा जातो.

किती भांडलो आपण त्या अकरा वर्षांत! ग्रँडमास्टर व्हायला तीन मोठ्या स्पर्धांमध्ये ठरलेली कामगिरी करून दाखवावी लागते. दोन तू केल्यास. तिसरीत शेवटच्या दिवशी नुसती बरोबरी पुरत होती. समोरच्यानं स्वतः बरोबरीसाठी हात पुढं केला. तू नाही म्हणालास. का, तर तुझी बाजू थोडी बरी होती! आणि हरलास. परत आलास तेव्हा निगडीच्या बसथांब्यावर मी तुला जे बोललो ते ऐकून रिक्षावाले गोळा झाले. एक म्हातारे रिक्षावाले तुला म्हणाले, "जाऊ द्या भाऊ, घरच्या माणसाशी कुठं वाद घालता?" त्यांना वाटलं मी तुझा थोरला भाऊ. तू हसायला लागलास. मला मारावंसं वाटत होतं तुला. वर्षानं दुसऱ्या स्पर्धेत पुन्हा तीच वेळ आली, बरोबरी पुरत होती, तू पुन्हा नाही म्हणालास आणि जिंकलास. फोन केलास, मागं कुठल्यातरी परक्या भाषेतला गलका. "साहेब, पास झालो. सही करा." मी फोन ठेवला आणि वॉशरूममध्ये जाऊन रडलो. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतोय. तेहतिसाव्या वर्षी झालास ग्रँडमास्टर. पोरं पंधराव्या वर्षी होतात आता. तरी माझ्या आयुष्यात त्याच्यापेक्षा मोठं काही घडलेलं नाही, आणि हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

आता ती मुलाखत.

शहरातलंच एक चॅनल. तू छान शर्ट घालून बसलेला. मी कॅन्टीनमध्ये मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि शिफ्टमधल्या सगळ्यांना बोलावलं, या, आपला दोस्त बघा. त्या बाईंनी विचारलं, तयारीला कोण मदत करतं? तू म्हणालास, "खरं सांगू का, मला ना कोच होता, ना कुणाची साथ. लेथ मशीनच्या आवाजात मी एकटा घडलो." आणि हसलास. वर केसांवरून हात फिरवलास. माझ्या बाजूला बसलेला असेंब्लीचा पाटील म्हणाला, "काय राव दत्ताभाऊ, तुम्ही तर म्हणायचा त्याच्या फाइली तुम्ही करता?" कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं. सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. मी मोबाइल खिशात घातला आणि भात तसाच टाकून उठलो.

मी तुला विचारलं नाही. तुला वाटलं असेल मी बघितलीच नाही. की वाटलं, बघितली तरी दत्त्या समजून घेईल, बोलायच्या ओघात माणूस बोलून जातो. नाही घेतलं मी समजून. आणि एक सांगतो, लेथच्या आवाजात तू एक दिवस बसलेला नाहीस. लेथवर तुझे अण्णा होते.

तीन आठवड्यांनी राष्ट्रीय स्पर्धा लागली. तू खेळलास मात्र जबरदस्त. शेवटच्या फेरीत काळी मोहरी, समोर बावीस वर्षांचा पोरगा, आणि न हरता उठलास की संघात निवड. आयुष्यभर ज्यासाठी झिजलास ते एका डावावर आलं होतं. बुधवारी संध्याकाळी तुझा मेसेज आला. 'साहेब, उद्या हा. ही फाइल. सकाळपर्यंत रंग द्या.' नेहमीचाच मेसेज. तो वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, एकटा घडलायस ना? मग रंग पण तूच दे.

तरी बसलो मी गुरुवारी सकाळी. बारा फांद्या होत्या. अकरा बघितल्या, नीट बघितल्या. बारावीला आलो आणि मला दिसलं की ही स्थिती तर दोन वर्षांपूर्वीच्या फाइलीत होती. तेव्हा मी ती हिरवी केली होती. जुनी फाइल उघडली, तिथला निकाल बघितला आणि इथं हिरवं लावलं. बघितलं काहीच नाही. खाली ओळ खरडली नाही. पाठवून दिलं आणि मंडईत गेलो.

कारखान्यात याला कालचं रीडिंग उतरवणं म्हणतात. भाग न मोजता कालच्या कागदावरचे आकडे आजच्या कागदावर लिहायचे आणि सही ठोकायची. असं करणाऱ्या दोन पोरांना मी स्वतः कामावरून काढायला लावलंय. आणि त्यात जे होतं तेच झालं. ड्रॉइंग बदललं होतं. जुन्या फाइलीत राजासमोरचं कडेचं प्यादं जागेवर होतं. या फाइलीत ते एक घर पुढं सरकलेलं होतं. बाकी सगळं तेच. त्या एका घरामुळं समोरच्याला आपलं प्यादं पुढं दामटून तुझ्या राजाचं दार फोडता येत होतं. बघितलं असतं तर दहा मिनिटांत दिसलं असतं मला.

मुद्दाम केलं का मी? चार वर्षं स्वतःला हेच विचारतोय. तू हरावास असं वाटत नव्हतं, देवाशप्पथ. पण तुझ्यासाठी आणखी दहा मिनिटं घालवायची नव्हती. एवढंच होतं. त्या एवढ्याशात तुझं सगळं गेलं.

दुपारी घरी डाव लाइव्ह बघत होतो. तो पोरगा विचार करत बसला आणि त्यानं तेच प्यादं पुढं ढकललं. तेव्हा मला जाणवलं. मी भाजीची पिशवी तशीच ठेवून जुनी फाइल, नवी फाइल शेजारी लावल्या, आणि ते एक घर सरकलेलं प्यादं मला दिसलं. तू पटावर चाळीस मिनिटं घेतलीस त्या चालीला. ही म्हणाली, "अहो, असं काय बघताय, कुणी गेलं का?" मी म्हटलं, अव्या हरतोय. तू हरलास एकतिसाव्या चालीला.

संध्याकाळी तुझा फोन. मी तयार होतो, तू ओरडशील, मी मुलाखत काढीन, मग होऊन जाईल काय व्हायचं ते. तू म्हणालास, "हरलो रे."

"बघितलं."

"माझंच चुकलं. उशिरा दिसलं मला."

  मग म्हणालास, "पुढच्या महिन्यात कोलकात्याला आहे. फाइल कधी देशील?"

मी म्हटलं, "शिफ्ट बदललीय माझी. आता नाही जमणार."

"बरं," म्हणालास. आणि वर विचारलंस, "जेवलास का?"

ते 'जेवलास का' मी आजपर्यंत विसरलेलो नाही. शिवी घातली असतीस तर चाललं असतं. जेवलास का विचारतो हरामखोर! मी 'हो' म्हणून फोन ठेवला. त्यानंतर तू तीन-चारदा विचारलंस, शिफ्ट बदलली का परत? मी म्हणायचो, बघू. मग तू विचारणं सोडलंस. दसऱ्याला मेसेज, पाडव्याला मेसेज. तुला दुसरा माणूस सापडला नाही की तू शोधला नाहीस, मला माहीत नाही. रेटिंग घसरत गेलं. स्पर्धा कमी झाल्या. मारुंजीला आयटीवाल्यांच्या सोसायटीत पोरांचे क्लास घ्यायला लागलास. मी ते रेटिंग दर महिन्याला बघायचो. घसरलं की वाईट वाटायचं आणि तुझाच राग यायचा, की हा माणूस उठून भांडत का नाही.

आणि दादांचं. दादांना अर्धांगवायू झाला तेव्हा तू यायचास म्हणे. मी शिफ्टला असताना. दुपारी येऊन पट मांडायचास आणि त्यांचा डावा हात धरून त्यांना चाली करू द्यायचास. त्यांना धड बोलता येत नव्हतं, तरी तुला 'खोटी जात' म्हणायचे, हे हिनं मला ते गेल्यावर सांगितलं. दहा-बारा वेळा आलास आणि माझ्या वेळा बघून आलास, माझी गाठ पडू नये म्हणून. त्याबद्दल मी तुझे उपकार मानू की तुझ्यावर चिडू, मलाच ठरवता येत नाही. शेवटच्या महिन्यात माझा बाप हसला तो तुझ्यामुळं. मी त्या वेळी चाकणला बेअरिंगच्या कड्या मोजत होतो.

मग त्या दिवशी सकाळपासून छातीत जळजळतंय म्हणालास वहिनींना. ॲसिडिटी आहे म्हणून लिंबू-सोडा प्यायलास आणि मारुंजीला क्लासला गेलास. तिथंच क्लबहाऊसमध्ये, फळ्यापाशी. शेहेचाळीस वय काय जायचं असतं का? दवाखाना तुझ्या घराच्या समोर आहे, रस्ता ओलांडला की.

तर परवा आळंदी. इंद्रायणीच्या घाटावर विधी झाले. पिंड ठेवले, सगळे लांब सरकले, कावळा लगेच शिवला. गुरुजी म्हणाले, "इच्छा काही राहिली नव्हती वाटतं." मला ते ऐकवलं नाही. मी बाजूला पायऱ्यांवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं मेधावहिनी आल्या. दहा दिवसांत केवढ्या वाळल्यात. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सभेत बोलला नाहीत."

मी घशाचं कारण सांगायला लागलो. मग म्हटलं, बस झालं आता. घाटावर बसून खोटं बोलवत नव्हतं. सांगून टाकलं. ती बारावी फांदी, जुनं रीडिंग, न बघता लावलेलं हिरवं, सगळं. म्हटलं, वहिनी, तो माझ्यामुळं हरला. त्याला हे माहीत नव्हतं आणि मला सांगायचं धाडस झालं नाही.

 वहिनी म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं."

मी विचारलं, कधी कळलं?

"त्याच दिवशी. डावाच्या आधी. मी होते ना तिथं, हॉटेलवर. फाइल बघत होते आणि एकदम थांबले. मला दाखवलं, म्हणाले, हे बघ, सगळीकडं शिव्या आहेत आणि इथं एक पण नाही. साहेबांनी न बघता सही केलीय. मग म्हणाले, मुलाखत ऐकलेली दिसतेय त्यानं."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं, तरी मी विचारलं, मग दुसरं का नाही खेळला?

"मी पण तेच म्हटलं. तुम्हाला शंका आहे तर खेळू नका ना ते. तर म्हणाले, त्यानं हिरवं दिलंय आणि मी खेळलो नाही, तर त्याला कळेल की मला कळलंय. मग तो परत कधी फाइल करणार नाही. म्हणाले, फार तर काय, जरा घाम फुटेल, सांभाळीन मी." पुढं म्हणाल्या, "आणि मुलाखतीचं त्यांना फार लागलं होतं, भाऊजी. त्या बाईनं पाच मिनिटांत सगळं गुंडाळायला सांगितलं होतं, असं बोललं की बरं दिसतं म्हणाली. घरी येऊन मला म्हणाले, दत्त्याला काय तोंड दाखवू?"

त्यांना मुलांनी हाक मारली, त्या गेल्या. मी तिथंच बसलो. 

अव्या, काय केलंस रे हे? माफी मागायची होती ना तुला? मग चिखलीला यायचं, दार वाजवायचं आणि तोंडानं मागायची. चार शब्दांचं काम. ते तुला जमलं नाही, म्हणून तू काळी मोहरी घेऊन बसलास आणि माझं खोटं हिरवं खरं मानून खेळलास? कुणी सांगितलं होतं? मला विचारलं होतंस? चार वर्षं मी स्वतःला चोर समजून जगलो आणि तुला सगळं ठाऊक होतं. माझ्या बापाचा हात धरून बसलास तेव्हाही ठाऊक होतं. दसऱ्याला सोन्याचा मेसेज पाठवताना ठाऊक होतं. एवढा मोठेपणा करून मला तू केवढं लहान करून ठेवलंस, हे तुझ्या डोक्यात आलं नसेल. आलं असेल तर तू माझ्या समजुतीपेक्षा जास्त हलकट होतास. आणि मुलाखतीचं मी अजून माफ केलेलं नाही. वहिनींनी सांगितलं तरी नाही. ती बाई काहीही म्हणो, तोंड तुझं होतं.

कधीकधी वाटतं वहिनींनी माझं दुःख हलकं करायला बरंचसं जोडून सांगितलं. कधी वाटतं, तू नुसता माजात खेळलास, सांभाळीन म्हणून, जसा बरोबरी नाकारून खेळायचास. तुला विचारता आलं असतं तर विचारलं असतं. आता मला कुठलंही एक धरून बसता येत नाही.

पण वहिनींचं खरं धरलं, तर ऐक. मी तुटू नये म्हणून तू तो डाव खेळलास. संघ पणाला लावलास. आणि त्याच संध्याकाळी मी शिफ्टचं कारण सांगून तुटलो. डाव गेला, संघ गेला, आणि ज्याच्यासाठी केलंस तो मीही गेलो. ग्रँडमास्टर म्हणवत होतास ना? साऱ्या जगाच्या चाली ओळखायचास. जिन्यातल्या पायरीवर ज्याच्याशी खेळायला शिकलास, त्याची पुढची एक चाल ओळखता आली नाही तुला? मी शरमेनं पळून जाईन, एवढं साधं दिसलं नाही?

फोनवर जेवलास का विचारण्याऐवजी एक सणसणीत शिवी घालायची होतीस, अव्या. मी उलटून दोन घातल्या असत्या, रडलो असतो, आणि कोलकात्याची फाइल तुला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली असती.